‘रिटर्न लाइन लागत नाही’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

परवा भाचा घरी आला तो हातात पितळी टी (नळ्यांचा तीन तोंडांचा जोड) घेऊन. त्याच्याकडे १९९८ ची कार्ब्युरेटरवाली मारुती जिप्सी किंग आहे. तिच्यात जुन्या बलेनोचं १.६ लिटरचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरमधून दाबाने पेट्रोल फवारणारं) इंजिन बसवायचं काम चार महिने चाललंय. माउंटिंग झालं, वायरिंग झालं, पेट्रोलची लाइन तेवढी राहिली होती. नेमका तेव्हाच त्याला व्हॉट्सॲपवर ‘इंजिन स्वॅपमध्ये रेग्युलेटर जोडायच्या ५ सोप्या युक्त्या’ हा मेसेज आला. मलाही तो महिनाभरात तीन ग्रुपवर आला, मी वाचून सोडून दिला. भाच्याने मात्र तो खरा मानून नळी कापली, म्हणून आता लिहायला बसलो.

मेसेज म्हणतो ते असं. एक, टाकीपर्यंत रिटर्न लाइन (उरलेलं पेट्रोल परत नेणारी नळी) ओढायची गरज नाही, रेग्युलेटरमधून (पेट्रोलचा दाब ठरावीक ठेवणाऱ्या भागातून) परत येणारं पेट्रोल पंपाच्या आधी टी मारून पंपातच सोडा. दोन, रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी (ती इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याला, म्हणजे मॅनिफोल्डला जोडलेली असते) काढून टाका, प्रेशर स्थिर राहतं. तीन, प्रेशर साडेचार बारला (बार हे दाबाचं माप) न्या, पिकअप वाढतो. चार, कार्ब्युरेटरची जुनी नळी चालते, क्लिपा दोन-दोन लावा. पाच, रेग्युलेटर रेलच्या (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीच्या) आधी लावा की नंतर, काही फरक पडत नाही.

सगळ्यात वाईट सल्ला पहिला. कार्ब्युरेटरच्या गाडीतला यांत्रिक पंप लागेल तेवढंच पेट्रोल पुढे ढकलतो, कार्ब्युरेटरमधली छोटी वाटी (फ्लोट चेंबर) भरली की तिच्या तोंडातली सुई बसते आणि पुरवठा थांबतो. दाबही पाव बारच्या आसपासच असतो. एमपीएफआयच्या इलेक्ट्रिक पंपाची गोष्ट वेगळी. तो सुरू झाला की ताशी १०० लिटरच्या आसपास ढकलत राहतो, मग गाडी आयडलिंगला असो की घाटात. आयडलिंगला हे इंजिन तासाला जेमतेम लिटरभर जाळतं. उरलेलं सगळं रेग्युलेटर परत सोडतो. त्यातला स्प्रिंग आणि डायफ्रॅम (लवचीक पडदा) रेलमध्ये ३ बारच्या आसपास दाब धरून ठेवतात आणि जास्तीच्या पेट्रोलला वाट देतात.

आता ही वाट टाकीकडे न नेता पंपाच्या तोंडात वळवली तर काय होईल? ८ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी जाऊन-येऊन ६ मीटर धरा. तिच्यात सुमारे ३०० मिलिलिटर पेट्रोल मावतं. ताशी १०० लिटरच्या वेगाने त्याची एक फेरी ११ सेकंदांत पूर्ण होते. म्हणजे तेच ते ३०० मिलिलिटर दर ११ सेकंदांनी तापलेल्या इंजिनाजवळून जाणार आणि परत येताना पंपाच्या मोटरमधून आणखी तापणार. मोटर खेचते ती पन्नासएक वॅट अखेर पेट्रोलातच उतरते. टाकीतल्या थंड पेट्रोलातून इंजिन जाळतं तेवढीच बारीक धार या फेऱ्यात येते. पेट्रोलातले हलके घटक ४० अंशांच्या आसपास उकळू लागतात, आणि पंप जिथून ओढतो तिथे दाब सगळ्यात कमी असतो. तिथेच बुडबुडे धरतात. टाकीत गेलेला बुडबुडा वर येऊन फुटतो. इथे तो सुटणार कुठून? पंप रडायला लागतो, प्रेशर पडतं, आणि एप्रिलच्या उन्हात आंबा घाटात ट्रकमागे पहिल्या गिअरमध्ये गाडी मिसिंग मारत बंद पडते. पंपाला थंडावा आणि वंगण पेट्रोलच देतं. वाफेवर तो फार दिवस जगत नाही.

हे खूळ कुठून आलं त्याचा अंदाज आहे. रॅलीच्या गाड्यांच्या फोटोत रेग्युलेटरची रिटर्न मागच्या एका छोट्या डब्यात जाताना दिसते, मुख्य टाकीत नाही. ते खरं आहे, आणि बरोबरही आहे. पण तो डबा म्हणजे सर्ज टँक. त्यात लिटर-दोन लिटर पेट्रोल असतं, दुसरा पंप तो सतत भरत असतो, आणि वर साठलेली वाफ व जास्तीचं पेट्रोल वेगळ्या नळीने मुख्य टाकीत जातं. टीला यातलं काहीच नाही. जुन्या यांत्रिक पंपालाही परतीची एक बारीक नळी असते, ती वापरायचा मोह होतो. वापरा, पण आधी पारखा. रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण ढिला करूनही प्रेशर खाली येत नसेल तर परतीची नळी अपुरी आहे, ती बदलावीच लागेल.

दुसरा जीवघेणा सल्ला नळीचा. रबरी नळीवर काय छापलंय ते वाचा. एसएई जे३० हे पेट्रोलच्या नळ्यांचं मानक आहे. त्यात आर७ ही कार्ब्युरेटरची नळी, कामाचा दाब ५० पीएसआय, म्हणजे साधारण ३.४ बार. आर९ ही इंजेक्शनची, १०० पीएसआय, म्हणजे ६.९ बार. आता मेसेजचा तिसरा आणि चौथा मुद्दा शेजारी ठेवा: साडेचार बार प्रेशर, तेही साडेतीन बारसुद्धा न झेपणाऱ्या नळीत, आणि ती नळी १९९८ पासून बॉनेटखाली शिजलेली! शिवाय आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याने जुनं रबर खराब होतं. आर९ च्या आतला थर फ्लुओरो रबरचा असतो, तो टिकतो. टाकीच्या आत बुडणारी नळी तर आर१० च हवी, कारण आर९ ची बाहेरची बाजू पेट्रोलात राहण्यासाठी बनवलेली नसते.

कार्ब्युरेटरची नळी चिरली तर थेंब गळतो, वास येतो, माणूस गाडी थांबवतो. ३ बारच्या नळीला सुईएवढं भोक पडलं तरी फवारा उडतो, आणि बॉनेटखाली लाल व्हायला आलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारं नळकांडं) असतो. दोन क्लिपांनी यातलं काही वाचत नाही. खाचांची साधी क्लिप जास्त आवळली की रबर कापते. कडा दुमडलेल्या, इंजेक्शनसाठीच्या क्लिपा मिळतात, त्या घ्या. बाकी जमेल तेवढी लाइन लोखंडी ठेवा, रबरी नळी निसटू नये म्हणून टोकाला उंचवटा काढून.

व्हॅक्यूम नळीबद्दल अर्धं खरं आहे. ती काढली की गेजवरचा काटा स्थिर राहतो. पण इंजेक्टरला रेल आणि मॅनिफोल्ड यांच्या दाबातला फरक कळतो, गेज नाही. आयडलिंगला मॅनिफोल्डचा दाब हवेपेक्षा ०.६ बारने कमी असेल, तर रेग्युलेटर रेलचा दाब २.४ वर आणतो आणि फरक ३ चा ३ राहतो. नळी काढली की तो ३.६ होतो आणि आयडलिंगला सुमारे १० टक्के जास्त पेट्रोल पडतं. नळी काढायची ती फक्त बेस प्रेशर सेट करताना: मॅनिफोल्डकडचं टोक बंद, रेग्युलेटरचं तोंड हवेला उघडं, ३ बार लावा आणि नळी परत जोडा. जोडताना तिचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर डायफ्रॅम फाटला आहे.

साडेचार बारने पिकअप वाढत नाही. दाब दीडपट केला की पेट्रोल २२ टक्के जास्त पडतं, बस. प्लग काळे पडतात आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन निघतं. पाचवा मुद्दा मात्र बराचसा मान्य करतो, काही कंपन्यांच्या गाड्यांत रेग्युलेटर रेलच्या आधीच असतो. पण या इंजिनात तो रेलच्या शेवटी आहे आणि त्यामुळे रेलमधली वाफ बाहेर निघते. तो तिथेच राहू द्या.

मेसेजमध्ये एक गोष्ट नाहीच: पंपाची वायर थेट इग्निशनला जोडू नका. इंजिन फिरायचं थांबलं की ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) रिलेमार्फत पंप बंद करतो. थेट वायर असेल तर अपघातानंतरही पंप फुटक्या नळीतून पेट्रोल ओतत राहील.

भाचा रविवारी टाकी उतरवतोय. परतीचं तोंड अरुंद निघालं तर नवीन बसवावं लागेल. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते, म्हणून पूर्ण धुऊन, पाणी भरून आणल्याशिवाय तिला वेल्डिंगचा टॉर्च लावू द्यायचा नाही, असं मिस्त्रीला मी स्वतः फोन करून सांगितलंय.