हनुवटीखाली हात

नाकावरचा लाल वळ अजून गेलेला नाही, तोवरच लिहून टाकतो.

झालं एवढंच, की फोनवर बोलताना मी 'डेव्हलपमेंट' म्हणालो. गेली तीस वर्षं म्हणतोय तसंच, पहिल्या 'डे'वर दणकून. शेजारी अभ्यासाला बसलेल्या सहावीतल्या भाचीने वही मिटली.

"मामा, जोर 'व्हे'वर. डि-व्हे-लप्-मंट."

"कुणी सांगितलं?"

"डिक्शनरीत असतं. ज्यावर जोर, त्याच्या आधी वर बारीक उभी रेघ."

ती रेघ मी आजवर छपाईतला डाग समजत होतो.

मग तिने मला हनुवटीखाली हात धरायला लावला. शब्द म्हणताना हनुवटी जितक्यांदा हातावर दाबेल, तितके सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे. 'फोटोग्राफ', तीन. जमलं. मग दोन्ही हातांत रबरबँड दिला. "जोर असेल तिथे ताण." 'फो'वर ताणला.

"शाब्बास. आता फोटोग्राफर."

पुन्हा 'फो'वर ताणला.

"चूक! फ-टॉ-ग्र-फर. 'टॉ'वर."

"अगं, कॅमेरा तोच, मग जोर का हलला?"

"अजून हलतो. फोटोग्राफिकमध्ये 'ग्रॅ'वर. शेवटी 'इक' आलं की त्याच्या लगेच आधी जोर."

"आणि पॉलिटिक्स? त्यात तर पहिल्यावरच आहे!"

"तो अपवाद."

नियम सांगणाऱ्यांच्या खिशात हा अपवाद कायम सुट्ट्या पैशांसारखा खुळखुळत असतो. त्या तिरमिरीत मी 'ग्रॅ'वर असा काही ताण दिला, की रबर सुटून थेट नाकावर. भाची शांतपणे म्हणाली, "जागा मात्र बरोबर होती."

बरं, ज्यांची भाषा त्यांचं तरी एकमत आहे का? 'लॅबोरेटरी'त इंग्रज 'बॉ'वर जोर देतो, अमेरिकन 'लॅ'वर. दोघंही बरोबर. मी कुठेही दिला तरी चूक. मराठीत 'कमळ' कुठेही दाबून म्हणा, कमळच राहतं. तिकडे 'रेकॉर्ड'चा जोर पुढे सरकला की नामाचं क्रियापद होतं.

पण खरं दुखणं नाकाचं नाही. फार वर्षांपूर्वी एका मुलाखतीत समोरच्या साहेबांनी माझाच 'डेव्हलपमेंट' हा शब्द माझ्याकडे बघत, सावकाश, पुन्हा उच्चारला होता. त्यांना नीट ऐकू आलं नसावं, असं वाटून मी तो आणखी मोठ्याने म्हणालो होतो. 'डे'वर.

नोकरी मिळाली नाही.

संध्याकाळी पुन्हा तोच फोन आला. भाचीने वहीतून मान वर केली. मी 'विकास' म्हणून मोकळा झालो.