ऑटो कॅमेरा आणि पांढरी बाराबंदी

काका, नमस्कार.

‘ऑटो एक्स्पोजरचे (फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते स्वतःच ठरवणारे) फिल्म कॅमेरे सुचवून तुम्ही पोरांना आळशी करताय. आधी सगळं हाताने जुळवायचा पेंटॅक्स के१००० हातात द्या. आणि बॅटरी गेली की तुमचा ऑटो कॅमेरा पेपरवेट,’ असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही आयुष्यभर रोल वापरलेत, म्हणून दोन ओळींत उरकत नाही.

आधी बॅटरीचं. कॅनन एई-१ बद्दल तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. सहा व्होल्टची बॅटरी संपली की शटर पडतच नाही. पण निकॉन एफईची शटरची चकती एम९० वर ठेवली तर तो बॅटरीशिवाय १/९० सेकंदाला चालतो, आणि ऑलिंपस ट्रिप ३५ ला बॅटरी लागतच नाही, लेन्सभोवतीच्या, उजेडावरच चालणाऱ्या सेलेनियम सेलवर त्याचं भागतं. सगळ्यांना एका माळेत ओवू नका. शिवाय के१००० चं शटर बॅटरीविना चालत असलं, तरी उजेड मोजणारा मीटर चालत नाही.

आपला खरा मतभेद आळसाचा आहे. के१००० घेतलेला नवशिका काय करतो? व्ह्यूफाइंडरमधला काटा मध्यावर येईपर्यंत रिंग फिरवतो आणि फोटो काढतो. निर्णय मीटरनेच घेतलेला असतो, त्याची बोटं फक्त हुकूम पाळतात. एफई ऑटोवर तेच काम स्वतः करतो.

आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचंच बघा. नंदीध्वजांची, म्हणजे उंच काठ्यांची मिरवणूक, समोर सगळे पांढऱ्या बाराबंदीत. मीटरला पांढरं-काळं कळत नाही. समोर येईल ते मध्यम करडं आहे असं धरूनच तो हिशोब करतो, म्हणून सगळी फ्रेम बाराबंदीने भरली की एक्स्पोजर कमी देतो. काटा हाताने जुळवा नाहीतर ऑटोवर सोडा, चूक तीच होणार. निगेटिव्हवर लॅबवाला पांढरा रंग ओढूनताणून परत आणतो, पण सावळ्या चेहऱ्यांच्या सावल्यांत जो तपशील उतरलाच नाही, तो कुठून आणणार? त्यावर उपाय एकच: एक ते दीड स्टॉप जास्त द्यायचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). एफईला त्यासाठी रोल परत गुंडाळायच्या नॉबभोवती कॉम्पेन्सेशनची, म्हणजे ऑटोचा हिशोब कमीजास्त करायची रिंग आहे, दोन्ही बाजूंना दोन स्टॉपपर्यंत. ती कधी फिरवायची हे पोराला कळलं, तर तो शिकला. मग कॅमेरा कुठला का असेना.

त्याच मिरवणुकीत ऑटोचा खरा फायदाही दिसतो. गल्लीच्या सावलीतून काठी एकदम उन्हात येते आणि उजेड तीन-चार स्टॉपनी बदलतो. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) एफ/८ वर ठेवलं की शटरचं एफई बघतो, मी माणसांकडे बघतो. त्या क्षणी रिंग फिरवत बसलो तर काठी पुढे गेलेली असते.

उलट मे महिन्यातल्या आपल्या सोलापुरी दुपारी मी ऑटो बंद करतो. ४०० आयएसओचा रोल, एफ/१६, शटर १/५०० सेकंद, की झालं. उजेड तासन्तास हलत नाही, पण पांढरी भिंत आली की ऑटो एक सांगतो, काळी म्हैस आली की दुसरंच. तिथे तुमचं मॅन्युअल सरस, यात वादच नाही. पॉवरलूमच्या शेडमध्येही दाराचा उजेड फ्रेममध्ये आला की ऑटो मागावरच्या माणसाला काळा करून टाकतो. तिथे जवळ जाऊन चेहऱ्यावर मीटर घ्यायचा, एफईचा सेल्फ-टायमरचा खटका आत दाबून तो धरून ठेवायचा आणि मग फ्रेम लावायची.

एई-१ मला नवशिक्यासाठी नको वाटतो, त्याचं कारण बॅटरीपेक्षा वेगळं आहे. लेन्सची रिंग ‘ए’ (ऑटो) वरून हलवली की व्ह्यूफाइंडरमध्ये काटा मीटरचंच मत सांगत राहतो. तुम्ही कुठलं अ‍ॅपर्चर लावलंय हे दिसत नाही. एफईत काळा काटा मीटरचं मत दाखवतो आणि हिरवा काटा तुम्ही लावलेला स्पीड. दोघांतलं अंतर डोळ्यांसमोर असतं. मुद्दाम किती स्टॉप सोडले, हे शिकवायला याहून बरी सोय मला माहीत नाही.

पुतण्यासाठी काय घ्यावं, असं शेवटी विचारलंत. इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं तर दुरुस्ती अवघड, ही तुमची भीती रास्तच आहे, त्यामुळे एफई बघून घ्या. नव्या बॅटऱ्या घाला (एलआर४४, दोन, घड्याळाच्या दुकानात मिळतात). रोल न घालता मागचं झाकण उघडा, ऑटोवर ठेवा, एकदा खिडकीकडे आणि एकदा अंधाऱ्या कोपऱ्याकडे रोखून शटर मारा. कोपऱ्याकडे ते स्पष्टपणे जास्त वेळ उघडं राहायला हवं. दोन्हीकडे सारखंच वाजलं, तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.