हायड्रोस नुसता रंग उडवत नाही, इलेक्ट्रॉन देतं

सोलापुरी चादरीच्या सूतरंगाईवरच्या एका लेखात हायड्रोसला नुसती 'रंग उडवणारी पावडर' म्हटलंय, ते अर्धवट आहे. व्हॅट रंग, म्हणजे सुतावरचा एक पक्का रंग, पाण्यात विरघळत नाही. हायड्रोस, म्हणजे सोडियम डायथायोनाइट, त्याला इलेक्ट्रॉन देतं. मग तो विरघळून सुतात शिरतो. नंतर हवेत किंवा पेरॉक्साइडने ते इलेक्ट्रॉन काढून घेतले की रंग आतच अडकतो. म्हणून तर पक्का!

एक डायथायोनाइट आयन दोन इलेक्ट्रॉन देतो आणि त्यात चार हायड्रॉक्साइड खर्ची पडतात. हे हायड्रॉक्साइड कॉस्टिक सोड्यातून येतं. त्यामुळे हायड्रोस वाढवून कॉस्टिक तेवढंच ठेवलं तर पीएच घसरतो, रंग साका होऊन खाली बसतो नि सुतावर डाग पडतात. पीएच १२ च्या वर हवा. पिवळा व्हॅट कागद (पिवळा व्हॅट रंग लावलेली चाचणी-पट्टी) रंगाच्या पाण्यात बुडवल्यावर दोन-तीन सेकंदांत निळा झाला नाही, तर हायड्रोस संपलंय समजा. हवेतला ऑक्सिजनही फुकटात इलेक्ट्रॉन खातो, उगाच ढवळत बसू नका. इंडॅन्थ्रोन निळा या व्हॅट रंगाला ६० अंश सेल्सिअसपुढे नेलं की जादा रिडक्शन होऊन, म्हणजे गरजेपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन मिळून, छटा मळकते.

आणि हायड्रोसच्या डब्यात ओलं भांडं घालू नका. ओलीने पावडर तापते, सल्फर डायऑक्साइड सुटतो, कधी पेटतेही. पावडर पाण्यात टाकायची, पाणी पावडरीत नाही.