तुमच्या घोडीच्या जुळ्यांबद्दल, आमच्या पागेकडून

नमस्कार. आमच्या पागेच्या अभिप्रायात तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर मी आणि वडिलांनी, दोघांनीही वाचला. तुमचं म्हणणं असं, की तुमच्या थरोब्रेड (शर्यतीच्या जातीच्या) घोडीच्या पोटात जुळी दिसली तेव्हा तुम्हाला न विचारता आम्ही एक गर्भ काढून टाकला. पैसेवाल्या घराण्याला दुसऱ्याच्या जनावराची कदर नसते, असंही तुम्ही लिहिलंत.

न विचारल्याचं तुमचं बरोबर आहे. गाभ राहिल्याच्या १५व्या दिवशी सकाळी सोनोग्राफी झाली आणि तुम्हाला फोन गेला संध्याकाळी. डॉक्टर घोडीजवळ उभे असतानाच तो जायला हवा होता. चूक माझी आहे. तुम्ही मोतद्दाराला बोललात, ते बोलणं माझ्या वाट्याचं होतं.

गर्भ कमी केला याची माफी मात्र मी मागणार नाही. घोडीची वार, म्हणजे गर्भाला पोषण पोहोचवणारा भाग, गर्भाशयाच्या जवळजवळ सगळ्या अस्तराला चिकटते. जुळी असली की तीच जागा दोघांत वाटली जाते आणि पोषण कोणालाच पुरत नाही. बहुतेक वेळा दोन्ही जातात, पुष्कळदा आठव्या-नवव्या महिन्यात, आणि तेव्हा घोडीच्याही जिवावर बेततं. सोनोग्राफी नव्हती त्या काळात वडिलांनी आमच्याच एका घोडीची दोन मेलेली शिंगरं ओढून काढली होती. अजूनही ते त्याबद्दल फार बोलत नाहीत.

साधारण १६व्या दिवसापर्यंत गर्भ आत फिरत असतात, म्हणून एकाला बाजूला घेऊन दाबून संपवता येतं. त्या सकाळी दोन्ही सुटे होते. दोघांनी शेजारीशेजारी जागा धरली असती, तर एक काढताना दुसराही गमावायची भीती होती. ३५ दिवसांनंतर तर दोन्ही गेले तरी घोडी लवकर माजावर येत नाही, हंगाम वाया जातो.

यापुढे घोडी दाखल होतानाच जुळ्यांबाबत मालकाचा निर्णय लेखी घेऊ, आणि डॉक्टर हात लावण्याआधी फोनही करू. तुमच्यासाठी हे उशिरा झालं, याचं वाईट वाटतं.

२८व्या दिवशी राहिलेल्या गर्भाचा ठोका स्पष्ट दिसला. पुढच्या तपासणीला तुम्ही स्वतः या. तुम्ही पोहोचेपर्यंत डॉक्टरांना थांबवून ठेवतो.