निकोबारचा निर्णय निकोबारमध्ये व्हावा

माझ्या आजोबांच्या पलटणीतले एक सातारकर सोबती निवृत्तीनंतर कुटुंबासह ग्रेट निकोबारला जाऊन राहिले होते. १९६९ पासून सरकारने माजी सैनिकांना जमिनी देऊन त्या बेटावर वसवले, त्यांत महाराष्ट्रातलीही काही कुटुंबे होती. त्यांची पत्रे दादरच्या आमच्या घरी फार उशिरा पोहोचत आणि बहुतेक पत्रांत एक वाक्य ठरलेले असे, 'जहाज अजून आलेले नाही.' निकोबार जिल्ह्याविषयी पुढे मी जे काही वाचले, ते या वाक्याच्या आधारानेच मला समजत गेले.

१९७४ साली अंदमानपासून वेगळा झालेला हा जिल्हा क्षेत्रफळाने १,८४१ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर या दोन्ही जिल्ह्यांच्या मिळून सुमारे तिप्पट आहे. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या मात्र ३६,८४२ होती. आपल्याकडे एका नगरसेवकाच्या प्रभागातही सरासरी याहून जास्त माणसे राहतात. जिल्ह्यातली जवळजवळ निम्मी माणसे उत्तर टोकाच्या कार निकोबार या लहानशा, सपाट बेटावर आहेत आणि उपायुक्तांचे, म्हणजे जिल्हाप्रमुखांचे, मुख्यालयही तिथेच आहे. जिल्ह्याची निम्म्याहून अधिक जमीन मात्र दक्षिण टोकाच्या ग्रेट निकोबारवर, डोंगर आणि घनदाट पर्जन्यवनाखाली आहे. मुख्यालय आणि ग्रेट निकोबारवरचे मुख्य गाव कॅम्पबेल बे यांच्यामध्ये अडीचशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. मुंबईहून साताऱ्याला जाण्याइतके हे अंतर, पण मध्ये घाट किंवा महामार्ग नाही, खुला समुद्र आहे. पावसाळ्यात तो खवळला की दाखला, औषध, शिधा आणि अधिकारी, सगळेच थांबते.

मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांना जिल्हा परिषद नाही, कारण इथे सगळा कारभार महापालिकेकडे आहे. निकोबारलाही जिल्हा परिषद नाही, पण त्याचे कारण अगदी वेगळे आहे. १९५६ च्या आदिवासी संरक्षण विनियमाने जिल्ह्याचा बहुतांश भाग राखीव ठरवला असून तिथे गावाचे प्रमुख असलेले 'कॅप्टन' आणि त्यांच्यावर आदिवासी परिषद अशी व्यवस्था चालते. निकोबारी आदिवासींची जमीन एकेका माणसाच्या नावावर नसते, ती 'तुहेत' या विस्तारित कुटुंबाची असते. पंचायत समिती आहे ती फक्त कॅम्पबेल बेच्या वसाहतींसाठी. ही रचना मला मागासलेली वाटत नाही. जिथे प्रत्येक बेट स्वतःच्या बळावर महिनोन्महिने जगते, तिथे निर्णय त्याच बेटावर व्हावा, इतका साधा आणि शहाणपणाचा विचार तिच्यात आहे.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने या जिल्ह्याचा किनाराच बदलला. ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकावरच्या इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून अधिक खचली आणि तिथले दीपगृह पाण्यात उभे राहिले. ग्रेट निकोबारच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या निकोबारींना तेव्हा कॅम्पबेल बेजवळ आणून वसवले गेले. आपल्या जुन्या गावांत परत जाऊ द्या, अशी त्यांची तेव्हापासूनची मागणी आहे.

त्याच बेटावर आता गॅलेथिया उपसागरात मोठे बंदर, विमानतळ, वीज प्रकल्प आणि नवे नगर उभे करण्याचा प्रकल्प मंजूर झाला आहे. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळवले जाणार आहे. गॅलेथियाच्या वाळूत लेदरबॅक कासवे अंडी घालतात आणि आतल्या जंगलात बाहेरच्या जगाशी फारच थोडा संबंध ठेवणारे शोंपेन आदिवासी राहतात. आदिवासी परिषदेने २०२२ च्या ऑगस्टमध्ये दिलेले ना-हरकत पत्र नोव्हेंबरमध्ये मागे घेतले, कारण ज्या जमिनीवर परतायचे होते तीच प्रकल्पात जाते आहे, हे परिषदेला पुरते सांगितले गेले नव्हते. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीजवळच्या या जागेचे सामरिक महत्त्व मी नाकारत नाही. संरक्षणासाठी जे आवश्यक आहे ते व्हावे. पण ज्या परिषदेची संमती कायद्याने आणि रीतीने महत्त्वाची ठरते, तिने ती मागे घेतल्यावर काम थांबवून पुन्हा तिच्यापुढे बसणे हे प्रशासनाचे कर्तव्य होते.

आपण मुंबईकरांनी सात बेटांमधला समुद्र बुजवून शहर केले, आणि त्यात कोळीवाड्यांना कधी विचारले गेले नाही, त्याचे परिणाम ते आजही भोगत आहेत. म्हणून माझी मागणी नेमकी आहे. ग्रेट निकोबारवर पुढचे झाड तोडण्याआधी उपायुक्तांनी परिषदेची बैठक त्याच बेटावर, निकोबारी भाषेत, नकाशे पुढे ठेवून घ्यावी, आणि जुन्या गावांची हद्द आधी आखून द्यावी.