‘अं’ किती वेळा आला हे मोजू नका, कुठे आला ते बघा

वक्तृत्व शिकवणारे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ मोजतात आणि आकडा शून्यावर आणायला सांगतात. नुसत्या आकड्यातून काहीही कळत नाही. अडखळणं वाक्यात नेमकं कुठे झालं, त्यात सगळं आहे.

पाच मिनिटांचं सहज बोलणं रेकॉर्ड करा. वाचून दाखवलेलं चालणार नाही, त्यात माणूस बहुतेक विरामचिन्हांपाशीच थांबतो. आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या ‘प्राट’ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते उघडा आणि ०.२५ सेकंदापेक्षा लहान शांतता सोडून द्या. ही मर्यादा बोलण्यातल्या विरामांवर संशोधन करणाऱ्या फ्रीडा गोल्डमन-आयस्लर यांची. क, ट, प उच्चारताना हवा क्षणभर अडते, तीही आलेखात शांतताच दिसते. ‘पक्का’मधल्या द्वित्तात (दुहेरी ‘क्क’मध्ये) तर आणखी लांबते. मर्यादा फार खाली आणलीत तर व्यंजनंच मोजत बसाल.

मुका विराम (नुसती शांतता), भरलेला विराम (‘अं’सारखा), पुनरुक्ती, मोडलेली सुरुवात (अर्ध्यात सोडून बदललेली) हे मॅक्ले आणि ऑसगुड या संशोधकांचे १९५९चे अडखळण्याचे चार प्रकार अजूनही कामाला येतात. ‘आणिऽऽ’सारखा ताणलेला स्वर मात्र हमखास निसटतो, कारण तिथे शांतता नसतेच. ‘म्हणजे’ काढून अर्थ बदलत असेल, तर ते अडखळणं नव्हे, मोजू नका.

मराठीत खरी गंमत ‘हे’ची. ‘त्या ह्याला सांग’, ‘जरा हे करून ठेव’. नाम सापडलेलं नाही, पण विभक्ती बिनचूक! वाक्याचा सांगाडा उभा आहे, शब्द तेवढा यायचाय. तसंच ‘माझा... माझी वही’. ‘माझा’ म्हणताना नाम ठरलं नव्हतं, किंवा भलतंच (डबा, समजा) ठरलं होतं. रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढणारे इथे सवयीने ‘माझी वही’ लिहून मोकळे होतात आणि हातातला सर्वांत चांगला पुरावा पुसून टाकतात. कृपा करून जसंच्या तसं लिहा.

तोतरेपणाशी याची गल्लत नको. ‘क-क-कपाट’ किंवा तोंड उघडूनही आवाज न फुटणं वेगळं. ते वाचा-उपचारतज्ज्ञाने बघायचं. अख्खा शब्द दोनदा येणं सगळ्यांचंच होतं.

आणि ऐकणाऱ्याला ‘अं’चा त्रासच होतो असंही नाही. मानसशास्त्रज्ञ जेनिफर अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांच्या २००४च्या प्रयोगात बोलणारा अडखळला की ऐकणाऱ्यांची नजर तोवर उल्लेख न झालेल्या वस्तूकडे जास्त वळत होती. नाव कानावर पडायला लागताच.