अहो स्कॉलरशिपवाले, हो की नाही ते सांगा एकदाचं!
पोरगा आरओटीसी स्कॉलरशिपसाठी (अमेरिकेत कॉलेजची फी सैन्य भरतं, बदल्यात पुढे सैन्यात अधिकारी व्हायचं) उन्हाळ्यापासून धावतोय, फॉर्म झाला, इंटरव्ह्यू झाला, पुशअप्सची टेस्ट झाली, आणि एप्रिल लागला तरी पोर्टलवर तेच, निर्णय बाकी! या बोर्डात, म्हणजे निवडीच्या फेरीत, नाही तर पुढच्या बोर्डात बघू म्हणे, अरे किती बोर्ड? १ मेला कॉलेजचं डिपॉझिट भरायचंय, फी मिळणार की कर्ज काढायचं हे कळायला नको आम्हाला? आणि मिळाली तरी मेडिकल आहेच पुढे, लहानपणीच्या दम्याचे कागद शोधून ठेवलेत मी. रात्री दोनला उठून फोन बघतो बिचारा, दाराखालून उजेड दिसतो. सतरा वर्षांचं पोर आयुष्याची ८ वर्षं सैन्याला द्यायला तयार आहे, तुम्हाला एक ईमेल पाठवता येत नाही?